गच्चीवरची भूत जोलोकिया: दहा महिन्यांनंतर

पुण्यात आमच्या गच्चीवर यंदा फेब्रुवारीत भूत जोलोकिया मिरची लावली. त्याआधी तीन-चार वर्षं लवंगी आणि ज्वाला कुंडीत घेत होतो, म्हणून हीही तशीच येईल असं धरून चाललो. तशी ती येत नाही. मूळची आसाम, नागालँड, मणिपूरच्या दमट हवेतली ही मिरची. 2007 मध्ये जगातली सर्वात तिखट मिरची म्हणून हिची गिनीज बुकात नोंद झाली होती, तेव्हापासून ती मनात होती.

बियाण्याचं आधी सांगतो. आदल्या वर्षी ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातून साधी लांब मिरची निघाली. फळ धरेपर्यंत ते कळत नाही, म्हणजे अख्खा हंगाम गेला. अजून त्याचा राग येतो. या वेळी मित्राने गुवाहाटीहून आणलेल्या वाळक्या मिरचीचं बी काढलं. रात्रभर भिजवून कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) टाकलं आणि ट्रे उबेसाठी फ्रिजवर ठेवला. लवंगी आठ-दहा दिवसांत वर येते. हिचा पहिला कोंब एकोणिसाव्या दिवशी दिसला. दहातली सहा उगवली. पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून ट्रे उपटून टाकू नका.

मार्चअखेर रोपं पंधरा इंची ग्रो बॅगेत हलवली. माती, शेणखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढंच. एप्रिल-मेमध्ये फुलं आली आणि देठापासून गळत राहिली. पारा 38च्या वर असताना खत वाढवून उपयोग नसतो. हिरवी जाळी बांधली, दुपारचं ऊन अडवलं, तेव्हा झाड तगलं.

खरी परीक्षा पानांची. कोवळी पानं वाटीसारखी वर वळली तर फुलकिडे, खाली वळून देठ लांबला तर कोळी (पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड), हे एका शेतकरी काकांनी हातात पान घेऊन दाखवलं. तोवर मी दोन्हींना सरसकट चुरडा-मुरडा (पानं आकसण्याचा रोग) म्हणून एकच निमतेल मारत होतो. फुलकिड्यांना ते चाललं (लिटरला 5 मिली, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळीच). कोळ्यांवर मात्र पाण्यात मिसळणारं गंधकच कामी आलं, तेही ऊन उतरल्यावर. आता रोज सकाळी शेंड्याचं एक पान उलटून बघतो. खतापेक्षा या सवयीने झाड वाचलं, असं माझं ठाम मत आहे. जुलैच्या झडीत मुळाशी पाणी साचून दोन रोपं गेली, त्याला इलाज नव्हता. बॅगा आधीच विटांवर ठेवायला हव्या होत्या.

सप्टेंबरात फळं धरली, ऑक्टोबरअखेर लाल झाली. साल खडबडीत, सुरकुतलेली, टोक निमुळतं. चिरल्यावर आधी चक्क गोड फळासारखा वास येतो, आणि आत पांढऱ्या शिरेवर तेलकट पिवळसर थेंब चमकतात. तिखटपणा मुख्यतः तिथेच असतो. चिरताना हातमोजे हवेतच. हात लागलाच तर नुसत्या पाण्याने जात नाही; आधी तेल चोळून मग साबण लावायचा.

पाच माणसांच्या आमटीला अर्धी मिरचीही जास्त होते. ठेच्यासाठी लवंगीच बरी, तिची कुंडी मी काढणार नाही. पण लोणच्याच्या खारात हिची एक फाक टाकली की जो वास उतरतो, तो दुसऱ्या कुठल्याच मिरचीने येत नाही. उरलेल्या चार झाडांची मागच्या आठवड्यात हातभर उंचीवर छाटणी केली. दोघांना खोडातून नवे डोळे फुटलेत.