मिलिटरी कॉलेजात क्रिमिनल जस्टिस: दीड वर्षानंतर

आधी दोन गैरसमज. अमेरिकेत मिलिटरी कॉलेजात शिकलं म्हणजे सैन्यात जावंच लागतं असं नाही. वेस्ट पॉइंट या लष्कराच्या स्वतःच्या अकादमीची गोष्ट वेगळी, तिथे शिक्षण फुकट आणि नंतरची नोकरी बंधनकारक. पण नॉर्विच (१८१९), सिटाडेल (१८४२), नॉर्थ जॉर्जिया अशा कॉलेजांत आरओटीसीचा (कॉलेजात शिकतानाच लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षणाचा) करार केला नसेल, तर डिग्री घेऊन सरळ घरी जाता येतं. आणि क्रिमिनल जस्टिस म्हणजे प्रयोगशाळेत रक्ताचे डाग तपासणं नव्हे. पोलीस, कोर्ट आणि तुरुंग ही यंत्रणा कशी चालते, कुठे अडखळते, तिला लगाम कोण घालतं, हा विषय. आत्याला हे तीनदा सांगून झालं. ती अजून विचारते, "म्हणजे फौजदार ना?"

मी ज्या कॉलेजात आहे त्याचं नाव सांगत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि मला अजून अडीच वर्षं तिथेच काढायची आहेत.

पहिलं वर्ष अंगावर येतं. पहाटे पीटी, फॉर्मेशन (रांगेत हजेरी), मग वर्ग, दुपारी ड्रिल, मधल्या वेळात बूट आणि पितळी बक्कल घासणं. सकाळी आठच्या क्रिमिनॉलॉजीला निम्मा वर्ग मागच्या भिंतीला टेकून उभा असायचा. शिक्षा म्हणून नाही, बसलं की डोळा लागतो म्हणून. त्या सेमिस्टरला गुन्ह्याच्या कारणांबद्दल जे काही शिकवलं, त्यातलं बरंचसं मी नंतर सुट्टीत पुन्हा वाचलं. वेळापत्रक आखणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा, पण तो कुणी करत नाही. रात्रीचा सक्तीचा अभ्यास मात्र मला आवडतो. बाहेरच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना तो मिळत नाही, आणि माझे मार्क त्यानेच वाचवले.

खरी गंमत वेगळीच आहे. नव्या कॅडेटला सीनियरसमोर उत्तरं तीनच: "यस सर", "नो सर" आणि "नो एक्स्क्यूज सर". बक्कलवर डाग का, उशीर का, याचं कारण खरं असलं तरी सांगायचं नाही. सकाळी बॅरॅकमध्ये हे पाठ करायचं आणि दहा वाजता वर्गात १९६६ चा मिरांडा खटला शिकायचा: ताब्यातल्या माणसाला गप्प राहण्याचा हक्क आहे, आणि चौकशीआधी तो त्याला सांगितलाच पाहिजे. आमचे प्राध्यापक लष्करी पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांनी त्यात एक भर घातली. मिरांडाच्या पंधरा वर्षं आधीपासून, १९५१ पासून, संशयित अमेरिकन सैनिकाची चौकशी करण्याआधी लष्करी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे त्याला जवळपास हाच इशारा द्यावा लागत होता. म्हणजे हुकमावर चालणाऱ्या फौजेला जे आधी कळलं, ते शहरातल्या पोलिसांना कोर्टाने नंतर शिकवलं. त्या दुपारी एका सीनियरने माझ्यावर डाफरायला सुरुवात केली, तेव्हा कलम ३१ जिभेवर आलं होतं. मी "नो एक्स्क्यूज सर" म्हटलं.

आमचे काका सातारा जिल्ह्यात हवालदार होते. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही, पोरी. पंचनामा भक्कम पाहिजे." खरं आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही राहिली. वर्गात मी ते मांडलं तेव्हा इशारा देऊन कबुली चालू द्यायची की मुळातच नाकारायची, यावर उरलेला तास गेला. दीड वर्षातला माझा सगळ्यात चांगला तास तो.

रिपोर्ट लिहायला शिकवतात तेही इथे कडक. पाच मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचे आणि घटनेचा अहवाल मागायचे. मी लिहिलं, "इसम संशयास्पद वाटला." लाल शाईत परत आलं: "कशावरून?" मग १९६८ चा टेरी खटला वाचायला दिला. क्लीव्हलंडचा डिटेक्टिव्ह मॅकफॅडन दोन माणसं पाहतो; ती आळीपाळीने एकाच दुकानाच्या काचेत डोकावून परत येतात, पुन्हा जातात. त्याने डोळ्यांनी दिसलं ते सांगितलं, म्हणून त्याने घेतलेली झडती सुप्रीम कोर्टात टिकली. आता मी "हात खिशात, तीन वेळा मागे वळून पाहिलं" असं लिहिते.

"सोपा विषय, खेळाडूंचा विषय" हे टोमणे इंजिनिअरिंगवाले मारतात. पहिल्या दोन पेपरांपुरते ते बरोबर आहेत. रिसर्च मेथड्सला सगळ्यांची हवा जाते. एफबीआयने २०२१ मध्ये गुन्हे मोजायची पद्धत बदलली, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी त्या वर्षी नव्या पद्धतीत आकडेच दिले नाहीत, मग "गुन्हे वाढले" म्हणणाऱ्याने नेमकं काय मोजलं, असले प्रश्न परीक्षेत येतात.

तक्रारी अजून आहेत. निवडीचे विषय मोजके, सायबर गुन्ह्यांवर जेमतेम एक पेपर. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या एकाही माणसाला वर्गात बोलावलं नाही. पाहुणे येतात ते सगळे गणवेशातले. मुलगी म्हणून विचाराल, तर १९९६ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटला मुलींना आत घेणं भाग पाडलं, पण आमच्या कंपनीत, म्हणजे कॅडेटांच्या तुकडीत, आम्ही अजूनही बोटांवर मोजण्याइतक्या.

फॉर्म भरण्याआधी नागरिकत्वाचं बघा. आरओटीसीतून अधिकारी व्हायला अमेरिकन नागरिकत्व लागतं, एफबीआयच्या एजंटलाही. तिथे शिवाय वय किमान २३ आणि दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. काही राज्यांत स्थानिक पोलिसात ग्रीन कार्ड चालतं. भारतातून स्टुडंट व्हिसावर थेट यायचा विचार असेल तर मी तरी नको म्हणेन. त्यापेक्षा पुण्यात पाच वर्षांचं एलएलबी करून फौजदारी वकिलाच्या हाताखाली बसलेलं बरं, पैसेही वाचतील.