जावा २५० कस्टम: बरेच महिने चालवून पुढच्याला दिली, त्याचा अनुभव

जुनी जावा २५० मोटरसायकल, टाइप ३५३, कुणीतरी कस्टम करायला घेऊन अर्धवट सोडलेली, ती मी घेतली, पुरी केली, ऊन-पाऊस न बघता रोज चालवली आणि आता दुसऱ्याच्या हाती दिली. हे मॉडेल १९५४ ला आलं, इंजिन २४८.५ सीसी टू-स्ट्रोक, सिलेंडर एकच पण सायलेन्सर दोन, पॉवर साधारण १२ हॉर्सपॉवर. वेगासाठी घ्यायची गाडी नाहीच ही. पण सेट झालेलं इंजिन खालच्या आरपीएमला ज्या ताकदीने ओढतं ना, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

आधी लूकबद्दल, पटकन. सिंगल सीट, रुंद हँडल, मागचं मडगार्ड छोटं, बस्स. चेसिसला कटर लावला नाही आणि लावू देणारही नव्हतो. सीटसाठी वेगळी ब्रॅकेट बनवून मूळच्याच बोल्टवर बसवली, त्यामुळे उद्या कुणाला गाडी कंपनी फिटिंगमध्ये न्यायची असेल तर पाने घेऊन एका दुपारचं काम आहे. जुन्या गाडीची चेसिस मागून कापून तिथे वाकवलेला पाइप (लूप) वेल्ड करणारे खूप बघितलेत, फोटोत भारी दिसतं, पण नंतर ती गाडी धड ना कस्टम ना ओरिजिनल, आणि पुढचा घेणारा वेल्डिंग बघूनच मागे फिरतो.

खरा वेळ गेला इंजिनमध्ये. आधीच्या माणसाने पिस्टन-बोअर नवीन करून घेतला होता पण क्रँकचे ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांना हवा-तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, जुन्याच ठेवल्या होत्या, आणि टू-स्ट्रोकमध्ये सगळा खेळ तिथेच आहे. डाव्या बाजूचा सील गेला की प्रायमरी चेनच्या (इंजिन ते क्लच जोडणाऱ्या चेनच्या) बाजूचं गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं, मागे ढगासारखा पांढरा धूर, आणि लोक उगाच पेट्रोलमधलं टूटी (टू-स्ट्रोकचं ऑइल) कमी करत बसतात. उजवीकडचा, म्हणजे डायनॅमोच्या बाजूचा गेला तर जास्त वाईट, कारण तिथून हवा आत येते, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, अॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, आणि दुर्लक्ष केलं की एक दिवस पिस्टन पकडतो, म्हणजे सिलेंडरमध्येच जाम होतो. म्हणून इंजिन बंद करताना इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही तोंडं बंद करून हलकं प्रेशर भरून ठेवलं, साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात का बघितलं, मगच पुढे गेलो. ही टेस्ट कोणी करत नाही आणि मला याचंच नवल वाटतं, पंप आणि गेजवर काम होतं हो.

इलेक्ट्रिकलला ६ व्होल्टचा डायनॅमो काढून १२ व्होल्टचं पॉइंट नसलेलं इग्निशन किट टाकलं. मूळ सिस्टीममध्ये स्पार्क बॅटरीवर अवलंबून, बॅटरी बसली की किक मारून मारून पाय दुखतात. आता बॅटरी काढून ठेवली तरी गाडी चालू होते आणि रात्री हेडलाइट खरोखर रस्ता दाखवतो. इतक्या महिन्यांत टायमिंगला हात लावावा लागला नाही, हा बदल मी डोळे झाकून सुचवेन.

कार्ब्युरेटरचा स्लाइड झिजलेला, आयडलिंग काही केल्या बसेना, म्हणून मिकुनी व्हीएम२४ कार्ब्युरेटर लावला. मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं छिद्र) मोठा लावून सुरुवात केली, मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटलवर नेऊन तिथेच क्लच दाबून इंजिन बंद, प्लग काढून रंग बघायचा, मग एक एक साइज खाली. कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता नाही. ऑइल पेट्रोलच्या लिटरला ३३ मिली, म्हणजे १:३० च्या आसपास. सायलेन्सरच्या जागी आधी मोकळे पाइप होते, आवाज मोठा पण खालचं ओढणं पार गेलेलं, मूळचे लांब सायलेन्सर बॅफलसकट (आतल्या आवाज अडवणाऱ्या नळीसकट) लावले आणि गाडीत जीव आला. टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट हा इंजिनचाच पार्ट आहे असं समजून चला.

रोज चालवताना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती किक आणि गिअर एकाच लिव्हरवर असलेली रचना. लिव्हर आत दाबून वर उभी करायची, किक मारायची, इंजिन लागलं की पुन्हा पुढे गिअरच्या जागी आणायची. शिवाय गिअर टाकताना क्लच आतून आपोआप सुटतो, चालत्या गाडीत हाताने क्लच न दाबता गिअर पडतो. त्या काळात हे कुणाला तरी सुचलं याचं मला अजून कौतुक वाटतं. फक्त त्यासाठी क्लचची अॅडजस्टमेंट अगदी बरोबर हवी, केबल ताणली की मजा गेली.

कमी काय? ब्रेक. लायनिंग नवीन करून ड्रमच्या मापाने लेथवर टर्न करून घेतलं, सुधारले बरेच, तरी पावसात पुढच्या गाडीपासून लांबच राहायचं. आणि १६ इंची चाकं खड्डा लपवत नाहीत.

आता देण्याबद्दल, कारण त्यासाठीच लिहायला बसलोय. मला गाडी मिळाली तेव्हा सोबत एका पोत्यात पार्ट होते, केलेल्या कामाची नोंद मात्र एकही नाही. कुठली वायर कुठे जाते, पिस्टन कितव्या ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा), काही म्हणजे काही माहिती नाही, सगळं उघडून मोजावं लागलं. म्हणून मी पहिल्यापासून वही ठेवली. प्रत्येक वायरला टॅग, हाताने काढलेला डायग्रॅम, पिस्टनचा साइज, जेटचे नंबर, सील आणि बेअरिंगचे नंबर, इंजिन उघडलं तेव्हाचे फोटो प्रिंट काढून. काढलेला डायनॅमो, सीट, हँडल, मडगार्ड तेल लावून, गुंडाळून, नाव लिहून खोक्यात. लोक पेंटवर पाण्यासारखा पैसा ओततात आणि या वहीला तासभर देत नाहीत. माझ्या मते तर प्रोजेक्ट गाडीची निम्मी किंमत त्या वहीत आणि खोक्यात असते, कारण घेणारा गाडी नुसती चालवणार नाही, कधीतरी उघडणारही आहे.

घेणारा पोरगा तरुण आहे, आधी चावी मागितलीच नाही, वही चाळत बसला आणि म्हणाला, "काका, सील कधी बदललेत ते पण लिहिलंय तुम्ही!" तिथेच ठरवलं याला द्यायची. एक अख्खा दिवस बसून त्याच्याच हाताने कार्ब्युरेटर उघडून बसवायला लावला, प्लग बघायला शिकवला, चेसिस आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून दाखवले. कोणती कामं बाकी आहेत तेही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलंय: प्रायमरी चेन जरा ढिली झाली आहे, स्पीडोमीटरचा काटा थरथरतो, आणि टाकीत इथेनॉलवालं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहू द्यायचं नाही, पाणी धरतं आणि आतून गंज चढतो. चेनचं काम त्याने आधी करावं, स्पीडोमीटर नंतर बघितला तरी चालेल.