दादरचा ‘खोटी खाती ओळखा’ वर्ग: चहा पाणचट, बाकी वसूल

शनिवारी गेलो. दोन तास, फी २०० रुपये. पंखा खडखडत होता, तरी बाईंनी क्यूबाच्या ‘झुनझुनेओ’ची गोष्ट अशी रंगवली की माझी दुपारची डुलकी उडाली. अमेरिकेच्या यूएसएआयडी या परदेशांना मदत देणाऱ्या सरकारी संस्थेने २०१० मध्ये आडून चालू केलेली ही एसएमएस सेवा. आधी फुटबॉल, गाणी, वादळाच्या बातम्या. गर्दी जमली की हळूच राजकारण पेरायचं, असा बेत. ४०,००० लोक जमले, पण खरा मालक कोण याचा त्यांना पत्ताच नाही! २०१४ मध्ये ‘एपी’ या वृत्तसंस्थेने भांडं फोडलं.

घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवरचे तीन अनोळखी नंबर तपासले. एक आमचे सासरेबुवाच निघाले. छापील टिपणं मात्र इंग्रजीत, दादरमध्ये! चार तारे.