टोनआर्म लिफ्टर आणि सुई साफ करायचं जेल: आधी काय घ्यावं, कसं बसवावं

टेक्निक्सचा एसएल-१२००, रेगाचे प्लेनर, प्रो-जेक्टची बहुतेक मॉडेलं ही सगळी हाताने चालवायची टर्नटेबलं. रेकॉर्डची बाजू संपली की सुई लेबलाशेजारच्या बंद खाचेत जाते आणि कुणी उठून आर्म (सुई धरणारी लांब नळी) उचलेपर्यंत तिथेच फिरत राहते. ३३⅓ च्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे तासाला २,००० फेरे. गाणं ऐकताना डोळा लागला आणि सकाळी जाग आली, तर आठ तासांत १६,००० फेरे होतात. २० मिनिटांची एक बाजू धरली तर हे २४ बाजू वाजवण्याइतकं झालं. ऑडिओ-टेक्निका आपल्या व्हीएम९५ मालिकेतल्या इलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) सुईचं आयुष्य ३०० तास सांगते, म्हणजे साधारण ९०० बाजू. त्यातल्या २४ एका रात्रीत, एक स्वरही न ऐकता गेल्या.

ज्यांना रात्री पडून ऐकायची सवय आहे, किंवा बाजू चालू ठेवून स्वयंपाकघरात जाणं होतं, त्यांना लिफ्टर, म्हणजे बाजू संपताच आर्म आपोआप उचलणारं साधन, हवाच. खोलीत बसून ऐकणाऱ्याने पाच-दहा मिनिटं उशीर केला तर सुईचं फारसं बिघडत नाही. सुईला लागलेली घाण मात्र प्रत्येक बाजूला, प्रत्येक मिनिटाला त्रास देते. म्हणून पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी सुई साफ करायचं जेल घ्यावं, लिफ्टर नंतर. दुकानात बहुतेकदा उलटं होतं, कारण लिफ्टर चालताना बघायला छान वाटतो.

लिफ्टरमध्ये दोन नावं सारखी ऐकू येतात: ऑडिओ-टेक्निकाचा एटी६००६आर सेफ्टी रेझर आणि नॉर्वेचा लिटल फ्वेंड. दोघांचं काम एकच. आर्मच्या नळीखाली एक आडवी दांडी दबून बसलेली असते. आर्म आत सरकत येऊन ट्रिगरला टेकला की खटका सुटतो, दांडी वर येते आणि आर्मला उचलून धरते. वीज लागत नाही. मोटर मात्र चालूच राहते, प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) फिरत राहतो, हे विकत घेण्याआधी ध्यानात असू द्यावं.

एटी६००६आरमध्ये दांडीची हालचाल तेलाच्या डँपरने सावकाश होते. आर्म झटक्याने उडत नाही आणि स्पीकरमधून ठोका येत नाही. स्वस्तातल्या नुसत्या स्प्रिंगच्या लिफ्टरांत नेमका हाच दोष असतो. दांडी फाडकन वर येते, आर्म उसळतो आणि हलक्या आर्मवर तर तो दांडीवरून घसरून पुन्हा रेकॉर्डवर आपटू शकतो. डँपर नसलेला लिफ्टर घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लिटल फ्वेंडची सोय वेगळी आहे. त्याची छोटी बैठक प्लिंथला (टर्नटेबलच्या बाहेरच्या पेटीला) चिकटवायची आणि वरचा भाग तिच्यावर चुंबकाने बसतो. नको तेव्हा उचलून बाजूला ठेवता येतो, पुन्हा ठेवला की जागेवर. कमी आणि जास्त उंचीच्या आर्मसाठी त्याचे दोन वेगळे प्रकार मिळतात. ऑर्डर देण्याआधी सुई रेकॉर्डवर असताना प्लिंथपासून आर्मच्या नळीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. चुकीचा प्रकार आला तर स्क्रूने कितीही फिरवा, जमत नाही.

आता बसवण्याकडे. लिफ्टर वाईट म्हणून परत करणारे बहुतेक लोक इथे चुकलेले असतात.

दांडी खाली दबलेली असताना तिच्या आणि नळीच्या मध्ये दोन ते तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. जागा कमी ठेवली तर वाकलेल्या रेकॉर्डवर आर्म खाली जाताना दांडीला टेकतो, सुई क्षणभर हलकी होते आणि आवाज फाटतो. लोक मग कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या छोट्या भागाला) दोष देतात. जास्त ठेवली तर दांडी वर येऊनही सुई खाचेतून पुरती सुटत नाही. तपासणी सगळ्यात पातळ रेकॉर्डवर करा, कारण तिच्यावर आर्म सगळ्यात खाली असतो. १८० ग्रॅमच्या जाड रेकॉर्डवर उंची लावली आणि मग सत्तरच्या दशकातली लवचिक एलपी ठेवली, तर ही दोन मिलिमीटरची जागा आणखी कमी होते. मॅट बदलली, किंवा व्हीटीएसाठी (सुईचा उभा कोन जुळवण्यासाठी) आर्म वर-खाली केला, की लिफ्टरची उंची पुन्हा लावायची.

लिफ्टर पिव्हटपासून, म्हणजे आर्म ज्या बिंदूभोवती फिरतो तिथून, किती अंतरावर ठेवायचा, हा दुसरा प्रश्न. एसएल-१२००च्या आर्मची प्रभावी लांबी (पिव्हट ते सुई) २३० मिमी आहे. हिशेबापुरता लिफ्टर पिव्हटपासून ११५ मिमीवर, म्हणजे मध्यावर धरला (प्रत्यक्षात तिथे प्लॅटर येतो), तर दांडी ४ मिमी वर आली की सुई ८ मिमी वर येते. सुईचा भार २ ग्रॅम असेल तर दांडीला ४ ग्रॅम पेलावे लागतात. चांगल्या लिफ्टरला हे जड नाही. ट्रिगर ढकलायला जेवढा जोर लागतो त्याचा निम्मा सुईवर आडवा पडतो. लिफ्टर पिव्हटकडे सरकवाल तसा सुईवरचा आडवा जोर कमी होतो, दांडीवरचा भार मात्र वाढतो. म्हणून प्लॅटरची कड आणि झाकण सांभाळून तो पिव्हटच्या बाजूला ठेवा. मऊ कॅन्टिलिव्हरच्या (हिरा धरणाऱ्या बारीक काडीच्या), एक-सव्वा ग्रॅमवर चालणाऱ्या कार्ट्रिजना हे फार महत्त्वाचं आहे. डेनॉन डीएल-१०३सारख्या ताठ, अडीच ग्रॅमवर चालणाऱ्या कार्ट्रिजला फरक पडत नाही.

ट्रिगर सुटण्याची जागा ठरवणं हा सगळ्यात नाजूक भाग. प्रमाणित एलपीवर संगीत केंद्रापासून साधारण ६०.३ मिमीच्या आत जात नाही आणि बंद खाच सुमारे ५३.२ मिमीवर असते. मध्ये फक्त ७ मिमी. लिफ्टर आर्मच्या मध्यावर असेल तर त्याच्या जागी ही पट्टी साडेतीन मिमीच उरते, पिव्हटजवळ त्याहूनही कमी. ट्रिगर या पट्टीतच सुटला पाहिजे. याच पट्टीत खाचेचे वेटोळे विरळ होतात, आर्म वेगाने आत ओढला जातो आणि ट्रिगर ढकलायला लागणारा जोर आपोआप मिळतो. बंद खाचेपर्यंत तो सुटला नाही तर पुढे सुटायचाही नाही, कारण आर्म तिथे थांबतो.

सोपी रीत अशी: पुठ्ठ्याची ५५ मिमी त्रिज्येची चकती कापा, मध्ये स्पिंडलसाठी भोक पाडा आणि ती एका नको असलेल्या रेकॉर्डवर ठेवा. मोटर बंद ठेवा. सुईचं संरक्षक झाकण लावून, क्यूइंग लिव्हर (आर्म वर-खाली करायची तरफ) वर ठेवून, हाताने आर्म सुईचं टोक चकतीच्या कडेवर येईल असा आणा. लिफ्टर दाबून तयार करा आणि खटका सुटेपर्यंत हळूहळू आर्मकडे सरकवा. ही त्याची जागा. लगेच चिकटवू नका. पेन्सिलने खूण करून चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेकॉर्ड वाजवून बघा, मगच कायमचा बसवा.

शास्त्रीय संगीताच्या एलपी ऐकणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. एका बाजूला एक राग, वीस मिनिटांच्या पुढे, म्हणजे खाचा लेबलापर्यंत भरलेल्या. ट्रिगर दोन मिलिमीटर लवकर लागला तर तो नेमका द्रुतच्या शेवटच्या तानांवर किंवा सतारीच्या झाल्यावर आर्म उचलतो. ज्यासाठी बाजू ऐकली तेच तोडलं जातं. अशा संग्रहासाठी चकती ५४ मिमीची करा. भावगीतांच्या ७ इंची ईपींवर एका बाजूला दोन गाणी असतात. त्यांची बंद खाच एलपीपेक्षा आत, सुमारे ४९ मिमीवर येते. एलपीला लावलेला लिफ्टर दुसऱ्या गाण्याची शेवटची ओळ कापू शकतो. लाखेच्या ७८ च्या तबकड्यांवर तर शेवटच्या खाचेची जागा कंपनीगणिक वेगळी. या दोन्ही प्रकारांसाठी लिफ्टर उचलून बाजूला ठेवणं उत्तम, आणि इथेच लिटल फ्वेंडची चुंबकी बैठक खरोखर कामी येते. मिश्र संग्रह असेल तर आम्ही तोच सुचवू. फक्त एलपी असतील आणि प्लिंथवर ऐसपैस जागा असेल तर एटी६००६आर.

काही टर्नटेबलांवर दोन्हींपैकी कोणताच लिफ्टर घेऊ नये. लिन एलपी१२, थोरेन्स टीडी १६० यांत आर्म स्प्रिंगवर तरंगणाऱ्या सब-चॅसीवर (आतल्या चौकटीवर) असतो. लिफ्टर बाहेरच्या स्थिर पट्टीवर ठेवला तर दोघांची आपसातली उंची डोलत राहते. आर्मबोर्डवर ठेवला तर त्याच्या वजनाने सस्पेन्शनचा तोल जातो. युनिपिव्हट आर्म एकाच टोकावर तोललेला असतो, त्यामुळे दांडी नळीच्या मध्याला लागली नाही तर तो उचलताना कलंडतो.

वापरताना क्रम पाळायचा. बाजू संपून लिफ्टरने आर्म उचलला की आधी क्यूइंग लिव्हर वर करा, मग आर्म विश्रामावर न्या आणि त्यानंतरच लिफ्टरची दांडी खाली दाबा. आधी दांडी दाबली तर सुई थेट रेकॉर्डवर पडते. दांडी दाबायची राहून गेली आणि पुढची बाजू लावली, तर आत येणारा आर्म वर आलेल्या दांडीला बाजूने धडकतो आणि सुई गाण्याच्या मध्येच अडते.

चिकटपट्टीबद्दल एक गोष्ट. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दुहेरी चिकटपट्टी मऊ पडून लिफ्टर एक-दोन मिलिमीटर सरकतो आणि ट्रिगरची जागा बिघडते. चिकटवण्याआधी पृष्ठभाग साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. ॲक्रिलिकच्या प्लिंथवर अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात.

सुई साफ करण्याकडे वळू. ओन्झोचं झीरोडस्ट आणि डीएस ऑडिओचं एसटी-५० ही दोन्ही जपानी जेलं. झीरोडस्टच्या डबीच्या झाकणातच भिंग आहे. एसटी-५०चं युरेथेन मुळात क्लीनरूममधल्या धूळ टिपण्याच्या कामातून आलेलं आहे आणि ते धातूच्या डबीत येतं. ऑडिओ-टेक्निकाचं एटी६१७ए याच जातीचं. वापर एकच: सुई सरळ खाली टेकवायची, सरळ वर उचलायची, दोन-तीनदा. सुटी धूळ आणि तंतू जेलला चिकटून निघतात. साफ होण्यात तिन्हींत मोठा फरक नाही. एसटी-५०ची डबी जड असल्याने ती सुईबरोबर उचलली जात नाही, एवढी बाजू तिची वरचढ.

चुका होतात त्या वेगळ्याच ठिकाणी. प्लॅटर फिरत असताना जेल वापरलं तर कॅन्टिलिव्हर गेलाच म्हणून समजा. मोटर बंद, प्लॅटर थांबलेला, ॲम्प्लिफायर म्यूट. डबी रेकॉर्डपेक्षा उंच असते, त्यामुळे काही आर्मची क्यूइंग तिच्यावर पुरेशी वर येत नाही. अशा वेळी मॅट काढून डबी थेट प्लॅटरवर ठेवून बघा. अँटी-स्केटिंग (आर्म आपोआप आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली सोय) चालू असेल तर सुई जेलमध्ये असताना आर्म बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि कॅन्टिलिव्हर वाकडा ताणला जातो. तेवढ्यापुरतं अँटी-स्केटिंग शून्यावर आणा किंवा हेडशेलला (कार्ट्रिज बसतं त्या आर्मच्या टोकाला) बोटाचा आधार द्या.

जेल प्रत्येक बाजूआधी वापरा. पण जेल सुटी धूळच काढतं. रेकॉर्डवरची बुरशी, बोटांचं तेल आणि धूळ घर्षणाच्या उष्णतेने हिऱ्याभोवती काळ्या कडीसारखी घट्ट बसते, ती त्याने निघत नाही. पावसाळ्यानंतर कपाटातून काढलेल्या रेकॉर्ड न धुता वाजवल्या तर ही कडी फार लवकर जमते. खूण कानालाच कळते: बाजूच्या शेवटी गायकाचे ‘स’ आणि ‘श’ फुटायला लागतात, आणि सुरुवातीला मात्र ठीक असतात. ३० ते ६० पट भिंगातून बघितलं की खात्री होते.

त्यासाठी ब्रश आणि द्रव, उदाहरणार्थ एटी६०७ए. थेंब ब्रशवर घ्या, सुईवर कधीच नाही. जास्तीचा द्रव कॅन्टिलिव्हरवरून वर चढून रबरी सस्पेन्शनपर्यंत पोहोचतो. ब्रश नेहमी मागून पुढे, आर्मच्या पिव्हटकडून हेडशेलच्या टोकाकडे. रेकॉर्डही सुईखालून याच दिशेने सरकते. उलट्या दिशेने किंवा आडवा फिरवला तर कॅन्टिलिव्हर मोडतो. तीन-चार हलके फटके, मग अर्धा मिनिट वाळू द्या. कार्ट्रिज बनवणाऱ्याने अल्कोहोल वापरू नका असं लिहिलं असेल तर ते मानाच, कारण हिरा बसवलेला गोंद त्याने सैल होऊ शकतो. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजजवळ लोखंडी पत्र्याच्या मुठीचा ब्रश आणू नका. आतला चुंबक तो खेचतो आणि हात चुकतो.

भांडी घासायच्या पांढऱ्या मेलामाइन स्पंजचे तुकडे लोक वापरतात. घट्ट कडी त्याने निघते हे खरं आहे. पण त्याची जाळी सुईला अडकते, तुकडे तुटून हिऱ्यामागे लोंबतात, आणि हिऱ्याला काही होत नसलं तरी ॲल्युमिनियमचा कॅन्टिलिव्हर आणि गोंद त्याहून मऊ आहेत. बोरॉनच्या बारीक कॅन्टिलिव्हरला तो लावूच नये. साध्या कोनिकल (गोल टोकाच्या) सुईवर, फक्त वरून खाली टेकवून, अगदी घट्ट घाणीसाठी एखाद्या वेळी चालेल.

जेलवर धुळीचा थर दिसायला लागला की ते सुई साफ करण्याऐवजी धूळ परत सुईला देऊ लागतं. कोमट पाण्याच्या धारेखाली धुवा, फार तेलकट झालं तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब. फडक्याने किंवा टिश्यूने पुसू नका, तंतू चिकटून बसतात. डबी आडवी, उघडी, पंख्यापासून लांब ठेवून हवेवर वाळवा. पृष्ठभागाची चिकट पकड परत आली की झाकण लावा.