मृत्युपत्र की बक्षीसपत्र? घर मुलांच्या नावावर करताना

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात आईबाबा राहतात, मुलं पुण्यात. घर आजच मुलांच्या नावावर करून मोकळं व्हावं का? म्हणजे बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर मुलगा, मुलगी, पती-पत्नी किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. शहरातले अधिभार वेगळे, ते आधी विचारा. नोंदणी मात्र सक्तीची. आणि एकदा दिलं की दिलं! पुढे सून-सासूचं बिनसलं तरी घर सहजी परत येत नाही. सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहिली असेल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार मिळू शकतो. ही ओळ लोक हमखास विसरतात.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. साधा कागद, सही, दोन साक्षीदार. मुद्रांक नाही, नोंदणी ऐच्छिक. साक्षीदार वारसांपैकी नकोत, आपल्यापेक्षा वयाने लहान बरे. पण वडिलोपार्जित वाड्यातला फक्त आपलाच हिस्सा मृत्युपत्राने देता येतो.

मला विचाराल तर हयातीत घर आपल्याच नावावर असू द्यावं, मृत्युपत्र नोंदवून टाकावं. बक्षीसपत्र दुसऱ्या फ्लॅटपुरतं ठीक.