आधी ‘गुलामगिरी’, ‘असूड’ की ‘स्त्री पुरुष तुलना’? सत्यशोधकांचा काळ मुळातून वाचणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. “मावशी, जोतीराव फुल्यांची दोन चरित्रं वाचून झाली. आता त्यांनी स्वतः लिहिलेलं आणि त्यांच्या वेळच्या लोकांनी लिहिलेलं वाचायचंय. आधी काय घेऊ?” फोनवर मी घाईत काहीतरी सांगितलं आणि ते अपुरं राहिलं. म्हणून इथे नीट लिहिते.

तिच्या यादीत तीन पुस्तकं होती. ‘गुलामगिरी’ 1873ची, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री पुरुष तुलना’ 1882ची आणि 1883मध्ये लिहून पूर्ण झालेलं ‘शेतकऱ्याचा असूड’. तिन्ही दहा वर्षांच्या आतली, तिन्ही सत्यशोधकांच्या वर्तुळातली. पण वाचायला बसलं की तिन्हींची जात वेगळी आहे हे पहिल्या चार पानांतच कळतं, आणि चुकीच्या पुस्तकापासून सुरुवात झाली तर पुढची दोन बहुधा राहूनच जातात.

बहुतेक जण ‘गुलामगिरी’ उचलतात, कारण नाव गाजलेलं. जोतीरावांचा सत्यशोधक समाज निघाला तो 24 सप्टेंबर 1873 रोजी, म्हणजे पुस्तकही त्याच वर्षीचं. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात, अशी सोळा भागांची रचना आहे. अमेरिकेत ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं त्यांना ते अर्पण केलं आहे. पुण्यात बसून लिहिणाऱ्या माणसाची नजर कुठवर गेली होती, हे त्या एका पानावरून कळतं. वाचायला सोपं, तरी समजायला अवघड असं हे पुस्तक आहे. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम हे अवतार म्हणजे बाहेरून आलेल्या आर्यांच्या टोळीनायकांचे हल्ले होते, असं जोतीराव मांडतात. ती मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या समजुतींवर उभी आहे आणि आजचे इतिहासकार ती तशीच्या तशी मानत नाहीत. नवा वाचक इथेच अडकतो. हे खरं की खोटं, या वादात पडतो आणि पुस्तक मिटतो.

मला त्यातलं मोलाचं वाटतं ते वेगळं. हरलेल्यांच्या बाजूने, बळीराजाच्या बाजूने पुराण पुन्हा सांगणं. म्हसोबा म्हणजे बळीच्या राज्यातला महासुभा, खंडोबा म्हणजे खंडाचा अधिकारी, असं ते लिहितात. व्युत्पत्ती पटो न पटो, बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला त्यांनी राज्यकारभारातलं पद मिळवून दिलं. ओवाळताना बाया ‘इडा पिडा जावो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, त्यात त्यांना हरवलेल्या राज्याची आठवण ऐकू आली. हे कळायला त्या काळाची थोडी ओळख आधी झालेली हवी. म्हणून ‘गुलामगिरी’ मी सगळ्यांत शेवटी ठेवेन.

‘असूड’ची गोष्ट निराळी. त्याच्या सुरुवातीच्या ‘विद्येविना मति गेली’ या ओळी शाळेच्या भिंतीवर सगळ्यांनी वाचलेल्या असतात, पुढचं फार थोड्यांनी. पुस्तक जसजसं लिहून होत गेलं तसतसं ते पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इथल्या लोकांना वाचून दाखवलं, असं जोतीराव उपोद्घातातच सांगतात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकलं. ऐकणाऱ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे हे. वाक्य अर्ध्या पानाचं असतं. डोळ्याने वाचलं तर दम लागतो, मोठ्याने वाचलं की सरळ चालतं.

आईचं माहेर जुन्नर तालुक्यातलं. एका रविवारी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी तिला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. शेतकऱ्याच्या घरी मूल पोटात असल्यापासून माणूस मरेपर्यंत, आणि वर्षभराच्या एकेका सणाला, भटजी कशाकशाच्या निमित्ताने दक्षिणा नि शिधा नेतो, याची ती यादी. आई मेथीच्या काडीने जमिनीवर रेघा मारत मोजायला लागली. मग म्हणाली, “थांब, हे परत वाच.” दुसऱ्यांदा ऐकताना तिचा हात थांबलेला होता. तिच्या वडिलांनी वास्तुशांतीसाठी कर्ज काढलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढे कुलकर्णी, कचेऱ्या, कोर्ट, सावकार येतात. गायरानं जंगलखात्यात गेल्यामुळे गुरं चारायची कुठे, हा प्रश्न येतो. 1875मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, लगोलग 1876 ते 78चा दुष्काळ पडला. ती सगळी धग या पानांत आहे. पण जोतीराव रागावर थांबत नाहीत. रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्या, पाणाड्यांकडून जमिनी तपासून झऱ्यांच्या जागा नकाशावर दाखवा, असे उपाय ते सांगतात. आज कुणी पाणलोटाच्या कामावर बोलत असेल तर त्याने ही पानं जरूर वाचावीत.

एक गोष्ट विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने ‘असूड’चे पहिले दोन भाग छापले आणि पुढचे छापायचं थांबवलं. जोतीरावांचं स्वतःचं माणूस, स्वतःच्या चळवळीचं पत्र! 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले, तोवर संपूर्ण पुस्तक छापलं गेलंच नव्हतं. चळवळीच्या आतही किती भीड होती, हे या एका घटनेत जेवढं दिसतं तेवढं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई बुलढाण्याच्या. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तकाच्या 500 प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मीचं. या विधवेवर स्वतःचं मूल मारल्याचा खटला झाला, आधी फाशी आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बाईजातीला धारेवर धरलं. ताराबाई ते वाचून पेटल्या. बायकांवर जो जो दोष ठेवतात तो तो उचलून त्या विचारतात, हा पुरुषांत नाही का? सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली, बायकोसाठी त्या वाटेला लागलेला नवरा कुणी ऐकलाय का? भाषा चुलीपुढची, म्हणींनी भरलेली, तिखट. मांडणी मात्र विस्कळीत आहे, एका दमात सांगून टाकल्यासारखी. मला ती तशीच आवडते. पतिव्रताधर्म मोडा असं त्या म्हणत नाहीत. एकच माप दोघांना लावा म्हणतात. आजच्या काही मैत्रिणींना ते कमी वाटतं. 1882 साल डोळ्यांपुढे ठेवलं तर वाटू नये. पुस्तकावर टीका झाली तेव्हा 1885च्या ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हे पुस्तकही 1975मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत विस्मरणात गेलं होतं.

भाचीच्या यादीत नसलेलं एक चौथं लेखन आहे आणि माझ्या मते सुरुवात तिथून करावी. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात 1855च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापलेला. वय चौदाच्या आसपास. वाचायला अर्धा तास पुरतो. वेद जर ब्राह्मणांची मत्ता, तर आमचा धर्म कुठला, असं ती सरळ विचारते. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे लिहिते. हे सगळं ‘गुलामगिरी’च्या अठरा वर्षं आधी! चळवळीला नाव मिळायच्या आधी शाळेतल्या बाकावर काय लिहिलं जात होतं, ते इथे हातात येतं.

म्हणजे माझा क्रम असा: आधी मुक्ता. मग ज्यांची नाळ गावाशी, शेताशी आहे त्यांनी ‘असूड’ घ्यावा, आणि घरातल्या बायकांचं जगणं पाहून ज्यांना प्रश्न पडलेत त्यांनी ताराबाई. ‘गुलामगिरी’ शेवटी, जमलं तर दोघांनी मिळून, एकाने धोंडिबा व्हायचं.

आवृत्ती घेताना सोप्या मराठीतली रूपांतरं शक्यतो टाळा. त्यांत वाक्यं लहान होतात आणि चढत जाणारा सूर हरवतो. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1969मध्ये काढलं. पुढच्या आवृत्त्यांचं संपादन य. दि. फडके यांनी केलं. ‘गुलामगिरी’, ‘असूड’ आणि ‘सत्सार’ त्या एकाच खंडात मिळतात, फक्त ताराबाईंचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं.

भाचीने मुक्तेचा निबंध त्याच रात्री वाचला. नंतर ‘असूड’ घेईल असं मला वाटलं होतं, पण तिने ताराबाई उचलल्या. परवा तिने एका पानाचा फोटो पाठवला. सावित्रीच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती, आणि समासात तिच्या सासूबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, “खरंय.”