खगोल ऑलिंपियाड, लघुग्रह शोध की अवकाश वसाहत: कुठल्या मुलाने काय निवडावं?

ऑगस्ट लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पर्धांचे फॉर्म फिरू लागतात, आणि खगोलाच्या प्रत्येक फॉर्मवर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ठसठशीत असतो. प्रत्यक्षात या स्पर्धा एकमेकींच्या वाटेलाही जात नाहीत. एकीला गणित लागतं, दुसरीला चिकाटी, तिसरीला कल्पना आणि लेखणी. ‘आकाशाची आवड आहे’ एवढ्यावर फॉर्म भरला तर हमखास घोळ होतो.

सगळ्यांत मानाची म्हणजे आयओएए, खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं ऑलिंपियाड. 2007 साली थायलंडमधल्या चियांग माईला त्याची सुरुवात झाली. 2016 मध्ये ते भुवनेश्वरला भरलं आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये थेट मुंबईत. (1996 मध्ये रशियात सुरू झालेलं आयएओ, म्हणजे नुसत्या खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड, वेगळं. नावं इतकी सारखी की जाहिरात वाचताना गल्लत होतेच.) भारताच्या संघात पाच जण असतात आणि आत शिरायचा रस्ता एकच आहे: नोव्हेंबरअखेरीस आयएपीटी या भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेची एनएसईए ही पहिली परीक्षा, त्यातून निवडलेल्यांसाठी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची आयएनएओ ही दुसरी परीक्षा, आणि मग मुंबईत मानखुर्दच्या केंद्रावर निवड शिबिर. पैसे भरून थेट संघात बसवणारी कुठलीही खिडकी नाही.

एनएसईएचा पेपर दोन तासांचा, प्रश्न 60, चुकलं तर गुण कापले जातात. नावात खगोल असलं तरी पेपर बराचसा गणित आणि भौतिकशास्त्राचा असतो. घरी एक साधी चाचणी घेता येईल. मुलाला विचारा: एखादा ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या चौपट अंतरावर असेल, तर त्याचं वर्ष केवढं? केप्लरच्या तिसऱ्या नियमाने 4 चा घन 64, त्याचं वर्गमूळ 8, म्हणजे आठ वर्षं. हे पुष्कळांना येतं. आता पुढचं विचारा: आज तो प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आहे, तर पुन्हा प्रतियुतीत कधी येईल? पृथ्वी त्याला गाठेपर्यंत 8/7 वर्ष जातं, सुमारे 417 दिवस. हे गणित सुटलं नाही तरी चालेल. पण न सुटल्यावर मूल कागद ओढून पुन्हा आकृती काढायला बसलं, तर फॉर्म भरा. ‘दुर्बीण कधी आणायची?’ असं विचारत उठून गेलं, तर थांबा.

वेळेचं गणितही आहेच. बारावीत आयएनएओच्या आगेमागे जेईई मेन, प्रात्यक्षिकं आणि बोर्ड असं सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून दहावीत सवयीसाठी आणि अकरावीत खरा प्रयत्न, हा क्रम मला पटतो. प्रत्यक्ष ऑलिंपियाडमध्ये आकाशनिरीक्षणाचीही परीक्षा असते आणि क्लासच्या नोट्स तिथे कामाला येत नाहीत. पुण्यात त्यासाठी 1944 साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, टिळक स्मारक मंदिरात. त्यांच्यासोबत शहराच्या उजेडाबाहेर काढलेली एक रात्र पुस्तकापेक्षा जास्त शिकवते. आयुका या पुण्यातल्या खगोल संशोधन केंद्राची दुसऱ्या शनिवारची व्याख्यानंही चुकवू नयेत, ती मुलांसाठीच असतात.

आयएएससी या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची लघुग्रह शोधमोहीम म्हणजे स्पर्धा नव्हे, आणि आठवी-नववीच्या मुलांसाठी मला ती ऑलिंपियाडपेक्षा बरी वाटते ती याचमुळे. अमेरिकेतल्या टेक्सासमधून चालणारा हा उपक्रम मूळ स्वरूपात मोफत आहे. मध्ये कुणी संस्था फी घेत असेल, तर ती प्रशिक्षणाची आहे का, हे विचारून घ्या. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या अंतराने काढलेले चार फोटो संघाला मिळतात. ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये ते एकामागून एक फिरवायचे. तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा फिकट ठिपका चारही फोटोंत सरळ रेषेत, सारख्या टप्प्याने पुढे सरकतो. एकाच फोटोत चमकून गायब झाला तर तो कॅमेऱ्यातला दोष. रेषेत सरकला पण टप्पे कमी-जास्त पडले, तरी संशयच घ्यायचा. डोळे दुखेपर्यंत हेच करायचं. सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, त्यामुळे शाळेतली कॉम्प्युटर लॅब आणि एक उत्साही शिक्षक असले की भागतं.

‘पुण्याच्या विद्यार्थ्याने शोधला लघुग्रह’ अशी बातमी वाचली की ती बहुधा प्राथमिक नोंद असते, हे मात्र ध्यानात ठेवा. ती वस्तू पुन्हा पुन्हा दिसून कक्षा पक्की व्हायला, क्रमांक मिळायला आणि मग नावापर्यंत पोचायला कित्येक वर्षं लागतात. तोवर मूल कॉलेजातही गेलेलं असेल. तरी चार फोटोंतल्या एका ठिपक्यावर ‘हा खरा की खोटा’ म्हणून मित्रांशी हुज्जत घालणं हे विज्ञानच आहे, आणि ते शाळेच्या प्रयोगवहीत सापडत नाही.

घरबसल्या द्यायच्या सशुल्क ऑनलाइन स्पर्धांबद्दल थोडक्यात सांगायचं तर प्रश्न सोडवायला मजा येत असेल तर जरूर द्याव्यात. भारतीय संघाच्या निवडीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. प्रमाणपत्राची फ्रेम करण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

उरली अवकाश वसाहतीची स्पर्धा. पूर्वी ती नासाच्या एम्स केंद्राची होती, आता अमेरिकेतली नॅशनल स्पेस सोसायटी ती प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ’नील यांच्या नावाने भरवते. बारावीपर्यंतच्या जगभरातल्या मुलांसाठी ती खुली आहे, एकट्याने किंवा गटाने भाग घेता येतो. हजारो माणसं अवकाशात राहतील अशी वसाहत कागदावर उभी करायची: हवा कुठून, शेती कुठे, गुरुत्वासाठी किती वेगाने फिरवायची, भांडणं कोण सोडवणार. चित्रं काढणारी, गोष्टी रचणारी, नागरिकशास्त्रात रमणारी मुलंही इथे खपून जातात, आणि हे बाकी दोन्हीकडे घडत नाही. मात्र प्रकल्प फेब्रुवारीत पाठवायचा असतो, म्हणून जूनमध्येच हात घाला. दिवाळीनंतर सुरू झालेले प्रकल्प शेवटी आईबाबांनाच रात्री जागून पुरे करावे लागतात.